ट्रे ड्रायरमधील प्रोग्रॅमेबल तापमान नियंत्रक : रचना, टप्प्यांची आखणी आणि सुरक्षित वापर

कांदा, हळद, आले, मिरची, शेवग्याचा पाला आणि विविध फळे यांची वाळवणी पूर्वी प्रामुख्याने खळ्यावर, अंगणात किंवा गच्चीवर होत असे. आता गावपातळीवरील बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि तरुण उद्योजक विजेवर चालणाऱ्या ट्रे ड्रायरकडे वळू लागले आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद असल्याने अशी यंत्रे लहान उद्योजकांच्याही आवाक्यात आली. या यंत्रांपैकी अनेकांच्या दर्शनी भागावर हाताच्या पंजाएवढा एक तापमान नियंत्रक बसवलेला असतो. औद्योगिक भट्ट्यांमध्ये वापरला जाणारा हाच प्रोग्रॅमेबल नियंत्रक आता शेतमालाच्या वाळवणीत येऊन पोहोचला आहे.

यंत्र बसवताना पुरवठादाराचा तंत्रज्ञ नियंत्रकावर ६०° से. हा आकडा घालून देतो आणि पुढे कित्येक महिने त्या आकड्याला कोणी हात लावत नाही. कांदा असो, आले असो वा बियाणे असो, आकडा तोच राहतो. परिणामी एका मालाचा रंग जातो, दुसरा वरून कडक आणि आतून ओला राहतो, तर बियाण्याची उगवणशक्ती नकळत नष्ट होते. नियंत्रकाचे काम नीट समजून घेतल्यास यातील बहुतेक नुकसान टाळता येते.

पडद्यावरील दोन आकडे

नियंत्रकाच्या पडद्यावर साधारणतः दोन आकडे दिसतात. वरचा, मोठ्या अक्षरातील आकडा म्हणजे पीव्ही, अर्थात त्या क्षणी मोजले गेलेले तापमान. खालचा आकडा म्हणजे एसव्ही, अर्थात आपण ठरवून दिलेले तापमान. नियंत्रक या दोन आकड्यांतील फरक पाहतो आणि त्यानुसार हीटरला कमी किंवा जास्त वीज देतो.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. पीव्ही हे सेन्सरच्या टोकाचे तापमान असते. सेन्सर बहुधा ब्लोअरजवळच्या हवेत असतो, म्हणून तो हवेचे तापमान सांगतो. ट्रेमधील मालाचे नव्हे. वाळवणीच्या सुरुवातीला या दोहोंत मोठे अंतर असते. ओल्या चकत्यांतून पाण्याची वाफ होताना ती चकतीतील उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ओली चकती गरम हवेतही तुलनेने थंड राहते. हवा ६५° से. आणि तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर पूर्ण ओल्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३५° से. च्या आसपासच राहते. पृष्ठभागावरील पाणी संपू लागले, की हे संरक्षण कमी होते आणि मालाचे तापमान हळूहळू हवेच्या तापमानाकडे सरकते. पडद्यावरील आकडा मात्र या सर्व काळात ६५ च राहतो. मालाला उष्णता अधिक बाधते ती या शेवटच्या काळात.

एकच यंत्र, दोन उलट क्रम

कांद्याच्या चकत्या आणि कांद्याचे बियाणे या दोन मालांची तुलना केली असता प्रोग्रॅमची गरज स्पष्ट होते.

चकत्यांमध्ये सुरुवातीला भरपूर पाणी असते आणि बाष्पीभवनामुळे त्या थंड राहतात. म्हणून प्रारंभी हवा अधिक गरम ठेवता येते. पाणी कमी होत जाते तसे तापमान उतरवावे लागते; अन्यथा साखर आणि अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेने चकत्या तपकिरी होतात व तिखट वासाचे घटक उडून जातात. चकत्यांचा क्रम असा, जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे, जातो.

बियाण्याचा क्रम नेमका उलट आहे. बी हा सजीव घटक आहे आणि तो ओला असताना उष्णतेने अधिक लवकर मरतो. बीजोत्पादनात पुढील मर्यादा सर्वसाधारणपणे पाळल्या जातात : बियाण्यातील आर्द्रता १८ टक्क्यांहून अधिक असताना हवेचे तापमान ३२° से., आर्द्रता १० ते १८ टक्के असताना ३७° से. आणि १० टक्क्यांखाली आल्यावर ४३° से. पेक्षा अधिक नसावे. म्हणजे येथे कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे जावे लागते.

भाजलेली चकती डोळ्यांना दिसते, वासावरून कळते; तिचा तोटा त्या एका खेपेपुरता राहतो. मेलेले बी मात्र जिवंत बियांसारखेच काळे, टणक आणि चकचकीत दिसते. कांदा बियाण्याच्या प्रमाणीकरणासाठी किमान ७० टक्के उगवण आवश्यक असते, तर आर्द्रता साध्या पिशवीत कमाल ८ टक्के आणि हवाबंद वेष्टनात कमाल ६ टक्के चालते. उगवण चाचणी न करता असे बियाणे विकले गेले, तर चूक रोपवाटिकेत उघडकीस येते आणि तोपर्यंत खरेदीदार शेतकऱ्याचा हंगाम हातून गेलेला असतो. त्यामुळे ज्या ड्रायरमध्ये दिवसा चकत्या वाळवल्या जातात, त्यातच रात्री बियाणे ठेवायचे असेल, तर चकत्यांचा प्रोग्रॅम बदलल्याची खात्री करूनच दार बंद करावे.

बियाण्याबाबत आणखी एक मर्यादा आहे. नियंत्रक हवा तापवू शकतो, थंड करू शकत नाही. विदर्भात किंवा राजस्थानात उन्हाळ्यात बाहेरचीच हवा ४०° से. च्या वर असते. तेथे एसव्ही ३२ ठेवल्याने काहीही साधत नाही. अशा वेळी हीटर बंद ठेवून पहाटेच्या हवेत केवळ ब्लोअर चालवणे योग्य ठरते. याउलट दमट हवेत थोडी उष्णताही उपयोगी पडते. २८° से. तापमानाची व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ३७° से. पर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५१ टक्क्यांवर येते आणि ती ओलावा ओढू लागते.

प्रोग्रॅमची भाषा

उत्पादकानुसार बटणांची नावे बदलतात, परंतु प्रत्येक प्रोग्रॅमचा गाभा सारखाच असतो. संपूर्ण प्रोग्रॅमला पॅटर्न म्हणतात आणि त्यातील प्रत्येक टप्प्याला सेगमेंट किंवा स्टेप. टप्पे दोन प्रकारचे असतात. रॅम्प म्हणजे चढ किंवा उतार : अमुक वेळेत तापमान इथून तिथे न्यावे. सोक म्हणजे मुक्काम : अमुक वेळ तापमान तिथेच ठेवावे. प्रोग्रॅम भरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतून पाच गोष्टी तपासाव्यात.

१. वेळेचे एकक. काही नियंत्रकांत २.३० म्हणजे २ तास ३० मिनिटे, तर काहींत २ मिनिटे ३० सेकंद. एकक चुकले तर दहा तासांचा प्रोग्रॅम दहा मिनिटांत संपतो.

२. चढाची पद्धत. काही नियंत्रक चढासाठी लागणारा वेळ विचारतात, तर काही दर मिनिटाला किंवा दर तासाला किती अंश वाढवायचे ते विचारतात. ‘३०’ या आकड्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी वेगळा होतो.

३. प्रतीक्षेची मर्यादा. माल जास्त भरला असेल तर हवेचे तापमान ठरल्या वेळेत वर येत नाही, पण घड्याळ पुढे धावत राहते. प्रतीक्षेची सोय चालू केल्यास पीव्ही हा एसव्हीच्या ठरावीक अंतरात, उदाहरणार्थ ३° से. च्या आत येईपर्यंत नियंत्रक मुक्कामाची वेळ मोजत नाही. काही नियंत्रकांत या सोयीला वेट, तर काहींत होल्डबॅक म्हणतात.

४. शेवटची कृती. प्रोग्रॅम संपल्यावर हीटर बंद व्हावा, शेवटचे तापमान टिकावे की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावा, हे ठरवावे लागते. वाळवणीत तिसरा पर्याय कधीही निवडू नये.

५. वीज गेल्यानंतरची कृती. ग्रामीण भागात हा सर्वांत महत्त्वाचा पर्याय आहे. वीज परत आल्यावर नियंत्रक प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करू शकतो, थांबला तेथून पुढे नेऊ शकतो किंवा थांबून राहू शकतो. पहिला पर्याय निवडलेला असेल आणि सातव्या तासाला वीज गेली, तर जवळजवळ सुकलेल्या चकत्यांना पुन्हा सुरुवातीचे तीव्र तापमान मिळते. म्हणून ‘थांबला तेथून पुढे’ हा पर्याय सामान्यतः सोयीचा असतो. वीज दीर्घकाळ गेल्यास मात्र दार उघडून वाफ बाहेर जाऊ द्यावी. ओला माल कोंदट, कोमट जागी राहिला तर जीवाणू व बुरशी वेगाने वाढतात. अशा मालाचा वास व स्पर्श तपासून, तो बिघडला नसल्यास वजन पाहून योग्य टप्प्यापासून प्रोग्रॅम पुढे चालवावा.

कांद्याच्या चकत्यांसाठी नमुना प्रोग्रॅम

चार ते पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या ट्रेवर एका पातळ, सारख्या थरात पसरलेल्या आहेत असे धरून पुढील प्रोग्रॅम दिला आहे. तो सुरुवातीचा आधार म्हणून वापरावा. वाण, जाडी, भरण आणि बाहेरची हवा यांनुसार त्यात बदल करावा.

पहिला टप्पा : बाहेरच्या तापमानापासून ६५° से. पर्यंत चढ, ३० मिनिटे.
दुसरा टप्पा : ६५° से. वर मुक्काम, २ तास ३० मिनिटे. हवा बाहेर सोडणारा डॅम्पर बराच उघडा.
तिसरा टप्पा : ६०° से. पर्यंत उतार, १५ मिनिटे.
चौथा टप्पा : ६०° से. वर मुक्काम, ४ तास. डॅम्पर अर्धा उघडा.
पाचवा टप्पा : ५५° से. पर्यंत उतार, १५ मिनिटे.
सहावा टप्पा : ५५° से. वर मुक्काम, अपेक्षित वजन येईपर्यंत. डॅम्पर थोडा उघडा.
अखेर : हीटर बंद, ब्लोअर २० ते ३० मिनिटे चालू ठेवून माल थंड करणे व लगेच हवाबंद भरणे.

बहुतेक साध्या नियंत्रकांना डॅम्परची स्थिती कळत नाही. दुसऱ्या टप्प्यात डॅम्पर बंद राहिला, तर आतली हवा बाष्पाने भरते आणि पडद्यावर ६५ दिसत असूनही वाळवणी मंदावते. शेवटच्या टप्प्यात तो पूर्ण उघडा राहिला, तर गरम आणि अजूनही कोरडी असलेली हवा वाया जाते. म्हणून प्रोग्रॅमच्या कागदावर तापमानाशेजारी डॅम्परचा रकाना असावा.

हळदीची उकडलेली हळकुंडे साधारणतः ६०° से. वर वाळवतात. शेवग्याच्या पाल्यासारख्या नाजूक हिरव्या मालासाठी ५० ते ५५° से. पुरेसे असते. साखर अधिक असलेल्या फळांना सुरुवातीचा चढ सावकाश द्यावा. घाई केल्यास वरचा पापुद्रा कडक होतो, आतील पाणी कोंडले जाते आणि साठवणीत तेच पाणी बाहेर येऊन बुरशी धरते.

प्रोग्रॅमच्या आधी उष्णतेचा हिशेब

हीटरची क्षमता तोकडी असेल, तर प्रोग्रॅम कितीही चांगला असला तरी तो कागदावरच राहतो. समजा, सोलून कापलेल्या १०० किलो चकत्यांमध्ये ८६ टक्के पाणी आहे. म्हणजे घन पदार्थ १४ किलो. वाळलेल्या मालात ६ टक्के आर्द्रता ठेवायची असेल तर अंतिम वजन सुमारे १५ किलो होईल आणि सुमारे ८५ किलो पाणी काढावे लागेल. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. ८५ किलोसाठी ती २०४ मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ५७ युनिट वीज झाली. निम्मी उष्णता बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर व भिंतींतून गेली असे धरल्यास प्रत्यक्षात ११४ युनिट लागतील.

१२ किलोवॉटचा हीटर साडेनऊ तास अखंड, पूर्ण क्षमतेने चालला तरच एवढी उष्णता मिळेल. मात्र वरील प्रोग्रॅममध्ये उत्तरार्धात हीटर पूर्ण क्षमतेने चालणे अपेक्षितच नाही. म्हणून या यंत्रात १०० किलो भरल्यास प्रोग्रॅम रेंगाळणार हे आधीच कळते. भरण ६० ते ७० किलोवर आणणे हा सोपा उपाय आहे. पडद्यावरील आउटपुटचा आकडा तासन्‌तास १०० टक्के दिसत असेल आणि तरी पीव्ही एसव्हीपर्यंत पोहोचत नसेल, तर नियंत्रकात बिघाड शोधण्यापूर्वी ट्रेमधील माल मोजावा.

याच हिशेबातून खर्चही कळतो. विजेचा दर प्रतियुनिट ८ रुपये धरल्यास ११४ युनिटचे ९१२ रुपये होतात, म्हणजे वाळलेल्या प्रत्येक किलोमागे केवळ विजेचे सुमारे ६१ रुपये. कच्चा माल, मजुरी आणि वेष्टन यांचा खर्च त्यावर येतो. एक खेप जळणे याचा अर्थ लहान उद्योगाला यावरून नेमका समजतो.

पीआयडी आणि ऑटो ट्यून

जुना थर्मोस्टॅट तापमान कमी झाले की हीटर पूर्ण चालू आणि वाढले की पूर्ण बंद करतो. हीटर बंद झाल्यावरही त्यातील साठलेली उष्णता हवेत येत राहते, त्यामुळे तापमान ठरल्या आकड्याच्या वर जाते. पीआयडी पद्धतीचा नियंत्रक तीन गोष्टी एकत्र पाहतो : आत्ता फरक किती आहे, हा फरक किती काळ साचत आला आहे आणि तो किती वेगाने बदलतो आहे. दूध तापत असताना अनुभवी गृहिणी ते उतू जाण्याची वाट पाहत नाही. दूध वर येण्याचा वेग पाहून आधीच चुलीतले लाकूड मागे ओढते. नियंत्रकही तसेच करतो. या पद्धतीचे गणिती विवेचन निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणू नियंत्रणासंदर्भात मांडले, तर तिची मूल्ये ठरवण्याची व्यवहार्य रीत झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिली.

प्रत्येक ड्रायरचा हीटर, आकार आणि हवेचा वेग वेगळा असल्याने पीआयडीची मूल्येही वेगळी असतात. ती नियंत्रकाने स्वतः शोधण्याच्या सोयीला ऑटो ट्यून म्हणतात. ऑटो ट्यून करताना ब्लोअर चालू, ट्रे आणि माल आत, डॅम्पर नेहमीच्या स्थितीत आणि एसव्ही नेहमीच्या कामाच्या तापमानाजवळ असावे. रिकाम्या ड्रायरवर शोधलेली मूल्ये भरलेल्या ड्रायरला लागू पडतीलच असे नाही. ऑटो ट्यून चालू असताना तापमान काही वेळा मुद्दाम वर-खाली जाते, म्हणून त्या वेळी बियाणे किंवा महाग माल आत ठेवू नये. हलक्या प्रतीच्या चकत्या वापराव्यात.

सेन्सरची निवड आणि पडताळणी

नियंत्रकाला थर्मोकपल किंवा पीटी-१०० हे सेन्सर जोडले जातात. पीटी-१०० मध्ये प्लॅटिनमचा रोध ०° से. वर १०० ओहम आणि १००° से. वर सुमारे १३८.५ ओहम असतो. थर्मोकपलमध्ये दोन भिन्न धातूंच्या जोडावर तापमानानुसार अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. थर्मोकपलचे के, जे असे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा विद्युतदाब वेगळा असतो. नियंत्रकात भरलेला प्रकार आणि प्रत्यक्ष जोडलेला प्रकार एकच असावा लागतो.

ही चूक किती महाग पडते, याचे एक उदाहरण पाहू. सेन्सर खराब झाल्यावर बाजारातून के प्रकाराचा थर्मोकपल आणून बसवला, पण नियंत्रकात पूर्वीचा जे प्रकारच राहिला. खोलीचे तापमान २५° से. असेल, तर पडद्यावर ४० दिसत असताना ड्रायरमध्ये प्रत्यक्षात सुमारे ४४° से., आणि पडद्यावर ६० दिसत असताना सुमारे ७०° से. तापमान असते. नोंदवहीत प्रत्येक तासाला ‘६०’ लिहिले जाते, कोणाचीही चूक दिसत नाही आणि तरीही खेपेमागून खेप तपकिरी निघते. दोष कांद्याच्या वाणावर किंवा कापणाऱ्या कामगारांवर ढकलला जातो. अशा वेळी नियंत्रकातील ऑफसेटने आकडा जुळवण्याचा मोह टाळावा. चूक ४०° से. वर ४ अंशांची आणि ६०° से. वर १० अंशांची असल्याने एका ठिकाणी जुळवलेला आकडा दुसऱ्या ठिकाणी पुन्हा चुकतो.

पडताळणीच्या सोप्या रीती पुढीलप्रमाणे आहेत.

१. सेन्सरचे टोक मुठीत धरावे. खोलीची हवा हातापेक्षा गार असताना पीव्ही वाढला पाहिजे. तो कमी होत असेल तर थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत. या स्थितीत ड्रायर चालू केल्यास आत तापमान वाढेल तसा पडद्यावरील आकडा घटेल आणि नियंत्रक हीटर अधिकाधिक चालवत राहील.

२. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या दाट मिश्रणात टोक बुडवावे. आकडा ०° से. च्या जवळ यावा.

३. तोंडाशी गुंडाळलेल्या थर्मासमधील सुमारे ६०° से. च्या पाण्यात सेन्सर आणि प्रमाणित तापमापक शेजारी-शेजारी धरून तुलना करावी. वाळवणीच्या पट्ट्यातील ही तुलना सर्वांत उपयुक्त असते.

४. उकळत्या पाण्यावर पडताळणी करताना उंचीचा विचार करावा. उंचीत दर ३०० मीटरला उकळबिंदू सुमारे १° से. ने घटतो. पुण्यात पाणी सुमारे ९८° से. वर, तर शिमल्यात सुमारे ९३° से. वर उकळते.

५. थर्मोकपलची तार वाढवताना त्याच प्रकाराची जोडतार वापरावी. साधी तांब्याची तार जोडल्यास जोडाच्या जागेचे तापमान मोजमापात चूक निर्माण करते.

सेन्सर बरोबर असला तरी ड्रायरमध्ये सर्वत्र तापमान सारखे नसते. प्रमाणित तापमापक वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेवर, पुढे व मागे ठेवून एकदा नोंदी घ्याव्यात. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड ट्रे कोणता हे कळले, की ठरावीक वेळाने त्यांची अदलाबदल करता येते. बियाण्यासाठी मात्र सर्वांत गरम जागेचे तापमान मर्यादेच्या आत राहील असेच एसव्ही ठेवावे.

सुरक्षिततेची दुसरी फळी

नियंत्रक हीटरला थेट वीज देत नाही. तो कॉन्टॅक्टर किंवा सॉलिड स्टेट रिले यांना आज्ञा देतो. सॉलिड स्टेट रिले खराब होताना अनेकदा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. मग नियंत्रकाने आउटपुट शून्य केले तरी हीटर तापतच राहतो. नियंत्रकातील धोक्याची घंटा वाजेल, पण तेवढ्याने वीज तुटत नाही. त्यासाठी स्वतंत्र सेन्सर असलेला जादा तापमान रोधक आणि हीटरचा संपूर्ण पुरवठा तोडणारा वेगळा कॉन्टॅक्टर आवश्यक असतो. वरील नमुना प्रोग्रॅमसाठी हा रोधक ८०° से. च्या आसपास ठेवता येईल. तो आपोआप पुन्हा चालू होणारा नसावा; माणसाने येऊन, कारण पाहून चालू करावा असा असावा.

ब्लोअर बंद असताना हीटर चालू होऊच नये अशी अंतर्गत जोडणी असावी. हवा थांबली की सेन्सरजवळची हवा थंड राहते आणि हीटरच्या तारा लाल होतात. त्यावर पडलेली कांद्याची सुकी साल किंवा मिरचीची धूळ पेट घेऊ शकते. म्हणून हीटरचा कप्पा नियमित साफ करावा. सेन्सरची तार तुटल्यास हीटर बंद होतो की नाही, हे ड्रायर रिकामा असताना एकदा तपासून घ्यावे. अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच यांबाबत तडजोड करू नये. नियंत्रकाच्या जोडण्यांचे काम मुख्य पुरवठा बंद करून परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

खेप संपल्याचा निर्णय वजनावर

प्रोग्रॅम संपला म्हणजे माल वाळला असे नाही. प्रत्येक खेपेत एक ट्रे नमुन्यासाठी ठरवून त्याचे सुरुवातीचे वजन घ्यावे. ८६ टक्के पाणी असलेल्या २ किलो चकत्यांमध्ये २८० ग्रॅम घन पदार्थ असतो. ६ टक्के आर्द्रतेला तो ट्रे सुमारे ३०० ग्रॅम भरला पाहिजे. वजन ४०० ग्रॅम असेल, तर त्यात अजून ३० टक्के पाणी आहे, मग पडद्यावर प्रोग्रॅम संपल्याची खूण दिसत असली तरी. सुरुवातीची आर्द्रता वाणानुसार बदलते. ती प्रयोगशाळेतून किंवा आर्द्रतामापकाने एकदा ठरवून घ्यावी.

नोंदवहीत तारीख, वाण, भरलेले वजन, प्रोग्रॅमचा क्रमांक, दर तासाचे पीव्ही, आउटपुटची टक्केवारी, डॅम्परची स्थिती, वीज गेल्याची वेळ आणि नमुना ट्रेचे वजन असे रकाने असावेत. नियंत्रकातील सर्व मूल्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे दुरुस्तीनंतर ती पुन्हा भरता येतात. मूल्ये भरून झाल्यावर नियंत्रकाला कुलूप-संकेत लावावा आणि तो किमान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी चकत्यांचे व बियाण्याचे प्रोग्रॅम दोन वेगळ्या क्रमांकांवर भरून दाखवावेत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला तक्ता ड्रायरवर लावावा. त्यानंतर प्रशिक्षणार्थींकडूनच सेन्सर मुठीत धरण्याची, थर्मासमधील तुलनेची आणि नमुना ट्रेच्या वजनाची कृती करून घ्यावी. बियाण्याच्या प्रत्येक खेपेतून वाळवणीपूर्वी आणि वाळवणीनंतर काढलेल्या नमुन्यांची उगवण चाचणी शेजारी-शेजारी घ्यावी. दोन्ही नमुन्यांत सारखीच बी उगवली, तर त्या खेपेचे तापमान योग्य होते. वाळवलेल्या नमुन्याची उगवण लक्षणीयरीत्या घटली, तर खेप विक्रीसाठी न काढता सेन्सर, त्याचा भरलेला प्रकार आणि सर्वांत गरम ट्रेची जागा या क्रमाने तपासणी करावी.